उदगीर-हैदराबाद-उदगीर, आणि एक कोरी स्टेपनी

उदगीरहून मी निघाले ती भांडणाच्या तयारीनेच. सकाळी सहाला गाडी फाटकाबाहेर काढत होते, तर शेजारच्या बाई तोंडात ब्रश धरून ओट्यावर उभ्या. "एकट्याच? हैदराबादला?" मी म्हणाले, "एकटी कशी? गाडी आहे की सोबत." आणि काच वर केली. वय बहात्तर, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, लायसन नवं करून घेतलेलं, आणि तरी जो भेटेल तो असं विचारतो, जशी काही मी घोड्यावर बसून मोहिमेला निघालेय.

माझी मुलगी वैशाली हैदराबादला विद्यानगरात राहते. आठ दिवस तिचा रोज फोन. "आई, बसने ये. झहीराबादच्या पुढे गाड्या कशा पळतात तुला माहितेय का? टायर फुटला तर काय करशील?"

"स्टेपनी लावीन."

माझी स्टेपनी म्हणजे साधी वस्तू नव्हे. अकरा वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हाची. एकदाही रस्त्याला न लागलेली. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते अजून तिच्या अंगावर होते. गाडीच्या पूजेला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिकही पुसट दिसायचं. तिच्या भरवशावर मी काश्मीरलाही गेले असते.

कमलनगर ओलांडलं की कर्नाटक लागतं, पण माणसं मराठी बोलतात आणि गतिरोधक तर दोन्ही राज्यांचे सारखेच, म्हणजे म्हशीच्या पाठीएवढे. प्रत्येकावर माझी कंबर आणि माझी जीभ दोन्ही सुटत होत्या. भालकीच्या पुढे माती लाल व्हायला लागली. बिदरला एका टपरीवर सुसला (कुरमुऱ्यांचा उपमा) खाल्ला. वर लिंबू, खाली वर्तमानपत्र. टपरीवाला गाडीभोवती फिरून आला आणि म्हणाला, "आजी, पुढच्या चाकात हवा कमी दिसते." मी म्हणाले, "कमीच ठेवलीय. धक्के बसत नाहीत." तो दुसरा सुसला परतायला लागला. त्या परतण्याचाही मला राग आला.

झहीराबादला मोठा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना ऊस, मधून काळंकुळकुळीत डांबर, आणि आपल्या डाव्या अंगाने हॉर्न देत जाणारे ट्रक. वैशालीचं एवढं मात्र खरं होतं, गाड्या पळतात. सदाशिवपेठ, संगारेड्डी, पटनचेरू, आणि मग शहर. शहरात शिरल्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतील. अर्थात त्यांना मराठी धड वाचता येत नाही, ही त्यातली सोय.

विद्यानगरात वैशालीच्या इमारतीखाली गाडी लावली. ती धावत आली, मला मिठी मारली. जावई प्रशांतराव मागून आले आणि आधी खाली वाकून टायर बघितले. ते मूळचे पुण्याचे, संगणकाच्या कामातले. कुठलीही वस्तू दिसली की ती बिघडलेली आहे असं धरूनच ते तिच्याकडे बघतात. "आई, पुढचे दोन्ही टायर गेलेत हो," ते म्हणाले. मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांनी मला नारायणगुड्याला टायरच्या दुकानात नेलं. दुकानदार काउंटरमागून उठला नाही. त्याच्या माणसाने पुढच्या चाकावर टॉर्च मारला, दोन्ही कडा घासलेल्या दाखवल्या, आणि मागच्या चाकांकडे न बघताच सांगितलं, "चारां गये. बदलनाच पडता." (चारही गेले. बदलावेच लागतील.)

मी विचारलं, "मागचे कसे गेले? ते तर चांगले दिसतात."

दुकानदार माझ्या डोक्यावरून प्रशांतरावांकडे बघत म्हणाला, "सार, अम्मा को बैठने बोलो. आपसे बात करते."

बसायला सांगा! गाडी माझी, टायर माझे, आरसी बुकावर नाव माझं, आणि मला खुर्ची दाखवतो. मी उभीच राहिले. मग तो एकदाचा उठून आला, त्याने डिकी उघडली, स्टेपनीवर हात फिरवला आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. "ये एकदम नवी है. ये रख लेओ, खाली चार डालते." (खाली म्हणजे नुसते.) मला तेवढं ऐकून बरं वाटलं. निदान या माणसाला एक तरी गोष्ट कळते, असं वाटलं.

परतताना गाडी प्रशांतरावांनी चालवली, आणि वाटेतच बॉम्ब टाकला. "आई, अकरा वर्षांच्या गाडीत चार टायर कशाला घालायचे? माझ्या ऑफिसातला एकजण जुनी गाडी शोधतोय. उद्या संध्याकाळी बघायला येईल. तुम्हाला बसचं तिकीट काढून देतो. एसी बस."

मागच्या सीटवरून मी वैशालीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणजे हे दोघांचं आधीच ठरलेलं. मला आठ दिवस 'बसने ये' म्हणत होती ती बसनेच परत पाठवायच्या बेतात होती. घरी आल्यावर किल्ली वैशालीच्या पर्समध्ये गेली. मी जेवले नाही. नंतर भूक लागली तेव्हा जेवले, पण बोलले नाही.

उदगिरात गाडी नाही म्हणजे काय, हे हैदराबादवाल्यांना कळत नाही. बँकेत, दवाखान्यात, मळ्यात, मैत्रिणीकडे किंवा नुसतंच देवणीच्या रस्त्याला वारा खायला जायचं तर दुसऱ्याला विचारायचं. "जरा सोडता का?" हे तीन शब्द मी अठ्ठावन्न वर्षं बोलले, मग गाडी शिकले. पुन्हा बोलायचे नव्हते.

शनिवारी सकाळी ते दोघे महिन्याचं सामान भरायला बेगम बाजारात निघाले. मी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वैशू, डिकीत ज्वारीची पिशवी राहिलीय. किल्ली ठेवून जा, काढून घेते." तिने दिली. ज्वारी परवाच वर आली होती, स्वयंपाकघरात तिच्याच डोळ्यांसमोर उभी होती. पण मुलीचं लक्ष नव्हतं, आणि मी काय ते बोट करून दाखवणार होते?

माझा बेत सोपा होता. पुढची चाकं झिजलीत, मागची चांगली आहेत, मग आलटून पालटून लावायची. आमचे हे असताना दर वर्षी करायचे, मी बाजूला उभी राहून चहा द्यायचे आणि चुका काढायचे. हे गेल्यापासून कुणी चाकांना हात लावला नव्हता. मी डिकी उघडली, जॅक काढला, पाना काढला आणि स्टेपनी ओढायला लागले. ती निघेना. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अम्मा, कायकू खींचते? कमर जाती."

तळमजल्यावरचे नरसय्या. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसून रोज तेलुगू पेपर वाचतात. बस डेपोच्या टायर विभागातून निवृत्त झालेले, हे मला वैशालीने कधीतरी सांगितलं होतं आणि मी सोयीस्कर विसरले होते. मी म्हणाले, "नरसय्यागारू (गारू म्हणजे आपलं राव), चाकं फिरवायची आहेत. दुकानवाला म्हणतो चारही गेले."

ते उठले. चारही चाकांभोवती एक फेरी मारली. प्रत्येकाच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. झिजून टायर त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. त्यांनी मला ते दाखवले. मागच्यांना भरपूर अवकाश होता. पुढच्यांनाही होता, फक्त कडा जास्त खाल्लेल्या.

"दोनों किनारे घिसे, बीच में अच्छा. हवा कम रखते आप?"

"धक्के बसतात हो..."

"अय्यो! गालि (हवा) कम, तो किनारा खाता. धक्का टायर खाया, आप नै खाये, बस." मग म्हणाले, "चलते ये चारां. हवा बराबर रखो, आठ-दस हजार किलोमीटर कू फिराओ, आराम से चलते."

मला डोळ्यांसमोर तो दुकानदार दिसला. त्याची ती खुर्ची दिसली. विजयाने मी स्टेपनीवर थाप मारली आणि म्हणाले, "आणि ही तर अजून कोरीच आहे!"

नरसय्यांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, त्यावरची धूळ थुंकी लावून पुसली. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, टायर बनला त्याचे. ते वाचले. मग दोन्ही अंगठ्यांनी खाच फाकवली आणि मला म्हणाले, "देखो." मी वाकले. खाचेच्या तळाला, त्या केसाळ कोऱ्या रबरात, भेगा. उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या.

"अम्मा, ये मर गया. गाडी के साथ का है."

"एक पाऊल चालली नाही हो ती!"

"चला नै, तोइच (म्हणूनच). डिकी की गर्मी में रबर सूखता. इसकू हाईवे पे डालते तो फटता. ये नक्को."

मी त्या खुर्चीत बसले. नरसय्यांच्याच.

आता त्या एकसष्ट वर्षांच्या बाईबद्दल सांगते. ती म्हणजे मीच, गाडी नवी घेतली तेव्हाची. तिने सीटवरचं प्लास्टिक तीन वर्षं काढू दिलं नाही, उन्हाळ्यात पाहुणे उठले की पाठीला चिकटून फर्रर आवाज यायचा. टीव्हीचा रिमोट पिशवीत, काचेचा डिनर सेट खोक्यात, पैठणी कपाटात, आणि जेवायला चिरलेल्या ताटल्या. हे दर वर्षी चाकं फिरवायला बसले की म्हणायचे, "पाच फिरवू, पाच. पाचही सारखी झिजतील, एकेकाला आराम मिळेल." आणि ती शहाणी डिकीपुढे आडवी उभी. "नवा कोरा टायर चिखलात घालता? वेळेला काय वापराल?" चार वर्षांपूर्वी टायर बदलले तेव्हा दुकानातला माणूस म्हणाला, स्टेपनी खाली घ्या, तीनच विकत घ्या. मी त्यालाही परतवलं. वेळेला म्हणून अकरा वर्षं मी बॉम्ब सांभाळला. झहीराबादच्या उसात टायर गेला असता तर ही स्टेपनी मी स्वतःच्या हाताने, मोठ्या तोऱ्यात लावली असती.

भेटली ना ती बाई, तर कानाखाली वाजवेन.

"अम्मा, काम करते क्या नै करते?" नरसय्या म्हणाले.

काम केलं. त्यांनी खुर्चीत बसून हुकूम सोडायचे, मी पाळायचे, असं त्यांनी ठरवलं. मी पाळले नाहीत, म्हणून ते उठले. आधी हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी, आणि जे चाक उचलायचं त्याच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. नट आधी ढिले करायचे, चाक जमिनीवर असतानाच, नाहीतर ते हवेत नुसतं फिरतं. हे मला माहीत होतं, पण मी आधी जॅक लावला आणि बोलणी खाल्ली.

जॅक एकच. म्हणून नरसय्यांनी साखळी सांगितली. पुढचं डावं चाक काढा, तिथे तात्पुरती स्टेपनी. काढलेलं चाक सरळ मागे, डावीकडेच. मागचं डावं निघालं ते पुढे उजवीकडे. पुढचं उजवं सरळ मागे. आणि मागचं उजवं शेवटी पुढे डावीकडे, स्टेपनीच्या जागी. पुढची सरळ मागे जातात, मागची तिरपी पुढे येतात. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असला तर तिरपं करायचं नाही, माझ्यावर नव्हता. अकरा वर्षांत स्टेपनीने केलेलं हे पहिलं आणि शेवटचं काम. तासभर पार्किंगमध्ये गाडीला टेकू देऊन उभी राहिली. स्वस्तिकासकट.

मधे नरसय्यांच्या घरातून सर्वपिंडी आली (तांदळाचं पीठ, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून केलेलं थालीपीठ, मधे बोटाने भोकं पाडलेलं). काळ्या हातांनी खाल्ली. कधी नव्हे ती छान लागली, आणि त्यानेही माझा राग गेला नाही.

शेवटचं चाक राहिलं होतं, पुढचं डावं. स्टेपनी तिथेच उभी. मी मनात एक हिशेब करत होते, तो सांगायला लाज वाटते पण सांगते. चार टायर चांगले आहेत हे आता सिद्ध झालं होतं. स्टेपनी परत डिकीत टाकली, स्वस्तिक वर करून, तर कोण बघणार होतं? दुकानदारानेच नवी म्हणून सांगितलं होतं. मी जिंकले होते. नरसय्या बोलणार नाहीत, त्यांना मी डोळ्यांनी विचारलं आणि त्यांनी पेपर उघडला.

तेवढ्यात रिक्षा आली. वैशाली उतरली, मागून प्रशांतराव तुरीच्या डाळीची गोणी घेऊन. वैशालीने मला पाहिलं. ग्रीसने माखलेली साडी, हातात पाना, गाडीचा एक कोपरा जॅकवर.

"आई! हे काय चाललंय? ज्वारी काढायची होती ना?"

"ज्वारी कालच वर गेलीय. परवा. तुला दिसत नाही तर मी काय करू?"

"किल्ली दे इकडे."

"देते. आधी ऐक." आणि मी काय बोलायचं ते न ठरवताच बोलले. "चारही टायर चांगले आहेत. नरसय्यांना विचार. तुमचा तो नारायणगुड्याचा माणूस बनेल आहे. पण तू म्हणत होतीस ना, टायर फुटला तर? तर मी मेले असते. चार चांगले आहेत आणि ही स्टेपनी मेलेली आहे. ही बघ." मी तिचा हात धरून खाचेत घातला. तिने भेगा चाचपल्या.

तिने बोट खाचेतून काढून ओढणीला पुसलं. मग म्हणाली, "बाबा दर वर्षी म्हणायचे, पाच फिरवू."

"माहीत आहे."

"तू डिकीला पाठ लावून उभी राहायचीस. हात पसरून. मला आठवतंय."

"सांगितलं ना, माहीत आहे! आता घे किल्ली आणि विक गाडी!"

"ओरडू नकोस, लोक बघतायत." ती स्वतः त्याहून मोठ्याने ओरडली. मग पर्स प्रशांतरावांच्या हातात दिली, ओढणी कमरेला बांधली आणि माझ्या हातातून पाना हिसकावला. "हे शेवटचं मी लावणार. माझ्या हाताने नट आवळले तरच तू जाशील."

"अगं पण तुला येतं का?"

"तुला तरी कुठे येत होतं?"

प्रशांतराव गोणी खाली ठेवत म्हणाले, "मग त्या ऑफिसवाल्याला काय सांगू?"

"आज येऊ नको म्हणून सांग," वैशाली म्हणाली. आज, हं. कायमचं नाही. ती माझीच मुलगी आहे.

नट एकापाठोपाठ एक गोल आवळायचे नसतात, समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. नरसय्यांनी तिला दाखवलं. जॅक उतरवल्यावर तिने पुन्हा आवळले. मग पुन्हा. मग पान्यावर पाय ठेवून उभी राहिली. "बस अम्मा, बस," नरसय्या म्हणाले. ती ऐकेना.

दुपारी मी स्टेपनी घेऊन त्याच दुकानात गेले, मुद्दाम. या वेळी प्रशांतराव नव्हते, एकटी वैशाली सोबत होती, आणि खुर्चीत ती बसली. मी काउंटरसमोर उभी राहून म्हणाले, "एक टायर दाखवा." त्याने आतून आणला. चकचकीत. मी चष्मा लावला, लंबगोल शोधला, चार आकडे वाचले. टायर दोन वर्षं त्याच्याच गोदामात झोपलेला. "ये सोया हुआ है. ताजा लाओ," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच सरळ, आणि आत गेला. दुसरा आणला, तो चालण्यासारखा होता. जुना त्याने ठेवून घेतला. स्वस्तिकावर त्याचा बूट पडला आणि मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

सोमवारी सकाळी चारही चाकांत हवा भरली. गाडी थंड असतानाच, दाराच्या चौकटीवरच्या कागदावर लिहिलीय तेवढी. नवी स्टेपनी डिकीत गेली. पुढच्या खेपेला ती खाली येईल, रस्त्याला लागेल, चिखलात जाईल, हे नरसय्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. वैशाली खिडकीशी वाकून म्हणाली, "शंभर किलोमीटरला थांब. नट परत बघायचे असतात, नरसय्यागारू म्हणालेत."

झहीराबादला थांबले. गाडी मऊ नव्हती, प्रत्येक खड्डा कमरेत जाणवत होता, पण वळणावर भरकटत नव्हती. पाना काढला. मागची दोन्ही चाकं बघितली, पुढचं उजवं बघितलं, जरासे आवळले. मग पुढच्या डाव्याकडे आले.

नट हलेना. ना आवळायच्या दिशेने, ना सोडायच्या. पान्यावर पाय ठेवला. दोन्ही पाय ठेवले. सत्तावन्न किलोची मी पान्यावर उभी राहिले आणि पाना जागचा हलेना. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. हे चाक पंक्चर झालं असतं तर डिकीत ताजी स्टेपनी असूनही मी उसाशेजारी बसून राहिले असते! मी तिथूनच फोन लावला.

"वैशे, किती आवळलेस गं? हे चाक मला सोडवता येणार नाही!"

ती ऑफिसात होती. हळू आवाजात म्हणाली, "सोडवायचं कशाला? तू घरी पोच ना."

"आणि मधे गेलं तर?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी आणखी चार शब्द तयार ठेवले होते, ते गिळले.

समोर पंक्चरवाला होता. पैलवान गडी. त्याने लांब पाइप घालून चारही नट कटकट करत सोडवले आणि म्हणाला, "किसने कसा अम्मा? इन्सान है की मशीन?" मी म्हणाले, "माझी मुलगी आहे. जपून बोल." मग त्याला बाजूला सारून मी स्वतः आवळले, समोरासमोरचे, माझ्या हाताने बसतील इतके आणि माझ्याच हाताने सुटतील इतके. पाना एकदा उलटा फिरवून बघितला. सुटला. पुन्हा आवळला.

दुपारी दोनला उदगीर आलं. फाटक उघडायच्या आधी तिचा फोन. "पोचलीस? नट होते ना घट्ट?"

"होते," मी म्हणाले. "रागाने आवळलेले असतात तसे."

"राग नव्हता तो."

"मला माहीत आहे कसला होता. पण त्यापायी मी वाटेत अडकले असते, हे लक्षात ठेव. दिवाळीला ये. नवी स्टेपनी खाली घ्यायचीय, तेव्हा नट किती आवळायचे ते नीट शिकवते."

"तू मला शिकवणार?"

"मग काय तो नारायणगुड्याचा शिकवणार?" मी फोन ठेवला आणि गाडी आत घेतली.